फ्लश अजून आलेला नाही, तरी रेज करायचं?

ताई, नमस्कार.

मी मुलुंडला राहतो. दर शनिवारी रात्री आम्ही सात जण दादरला माझ्या चुलतसासऱ्यांच्या घरी जमतो. टेबलावर सगळेच त्यांना काका म्हणतात. आधी रमी आणि मेंढीकोट चालायचं, आता लिमिट होल्डेम चालतं, म्हणजे ठरलेल्या बेटचं पोकर. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि टेबलावर सगळ्यांसाठी आधी तीन उघडतात (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). फ्लॉपपर्यंत १० पॉइंटांची बेट, टर्न आणि रिव्हरला २० ची. चिप्सना पैसे लावलेले नाहीत. महिनाअखेर ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी, त्याने बाकीच्यांना जेवायला न्यायचं.

माझा घोळ ड्रॉचा आहे, म्हणजे फ्लश (बदाम, किलवर अशा एकाच रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पानं) अजून अपुरी असते तेव्हाचा. बेटएवढंच टाकलं तर कॉल, त्यावर वाढवलं तर रेज, पानं टाकून दिली तर पॅक. काका म्हणतात, "फ्लश पूर्ण होईपर्यंत कॉलच्या पुढे जायचं नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असला खेळ नको." मोठे मेव्हणे मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेत. ते म्हणतात, "ड्रॉ आला की सरळ रेज. समोरचे पॅक होतात." गेल्या शनिवारी मी दोघांचंही ऐकून पाहिलं.

पहिल्या हातात मी डीलरच्या जागी होतो, म्हणजे पाळी सगळ्यांच्या शेवटी. हातात बदामाचा एक्का आणि बदामाची नव्वी. पाच जण प्रत्येकी १० टाकून आत. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम पंजी, किलवर दुर्री. माझ्या लगेच डावीकडच्याने बेट केली, तिघांनी कॉल केला, मीही काकांचं ऐकून कॉलच केला. टर्नला इस्पिकची अठ्ठी. पुन्हा त्याचीच बेट, दोन कॉल, तिसरा माझा. रिव्हरला बदामाची चव्वी आली. मी बेट केली, दोघांनी कॉल केला आणि मी जिंकलो. तरी मेव्हणे म्हणाले, "कमी जिंकलास."

दुसऱ्या हातात मी बिग ब्लाइंडच्या (पानं बघण्याआधीच बेट टाकावी लागते ती जागा) लगेच डावीकडे. चौकट गुलाम, किलवर दश्शी. पुन्हा पाच जण आत. फ्लॉपवर बदाम राणी, बदाम नव्वी, इस्पिक तिर्री. बिग ब्लाइंडला काका होते, त्यांनी बेट केली. मी मेव्हण्यांचं ऐकून रेज केलं. मागचे तिघे पॅक झाले, काकांनी वर रेज केलं. पुढे मला काहीच लागलं नाही. काकांकडे एक्का-राणी होती. सगळे हसले.

ड्रॉवर रेज करायचं तरी कधी?

ता. क. एक जण सुचवतोय की आता पैसे लावू आणि घर वापरतो म्हणून काकांना प्रत्येक पॉटमधून थोडी नाल देऊ. करावं का?

– एक वाचक, मुलुंड

*

दादा, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. पहिल्या हातात रेज हवं होतं, दुसऱ्यात नको होतं. काकांचं ऐकलंत तिथे मेव्हण्यांचं ऐकायला हवं होतं आणि मेव्हण्यांचं ऐकलंत तिथे काकांचं. पण दोघांनी दिलेलं कारण तुमच्या टेबलाला लागू पडत नाही. कारणच चुकलं तर पुढच्या शनिवारी पानं जरा बदलली की पुन्हा तोच गोंधळ होईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या टेबलावर ड्रॉवर रेज करायचं ते लोक चिप्स भरत राहतात म्हणून. ते पळून जावेत ही अपेक्षा इथे ठेवायचीच नाही.

पहिला हात घ्या. तुमची दोन आणि फ्लॉपची तीन अशी पाच पानं दिसताहेत, उरली ४७. त्यांत नऊ बदाम आहेत. अजून दोन पानं उघडायची आहेत. या दोन पानांत निदान एक बदाम येण्याची शक्यता ३५ टक्के, म्हणजे शंभरातून पस्तीस वेळा तुमचा फ्लश लागतो आणि पासष्ट वेळा लागत नाही. काकांना हे पासष्ट दिसतात आणि ते थांबा म्हणतात. एकट्या माणसासमोर तुम्ही असता तर काका बरोबर ठरले असते. पण त्या वेळी तुमच्यासमोर चौघं होते.

पाच जणांची भिशी आहे असं समजा. प्रत्येकाने दहा टाकायचे, पन्नास जमणार, चिठ्ठी एकाच्या नावाची निघणार. सगळ्यांची संधी सारखी असेल तर प्रत्येकाला शंभरातून वीस वेळा रक्कम मिळेल आणि सरासरीने जेवढं टाकलं तेवढंच परत येईल. तुमच्या नावाची चिठ्ठी मात्र पस्तीस वेळा निघते. मग या भिशीचा हप्ता दहाऐवजी वीस करू या, असं कुणी म्हटलं तर तुम्ही नाही म्हणाल का? तुमचं रेज म्हणजे तो वाढवलेला हप्ता. तुम्ही जादा दहा टाकलेत, बाकी चौघांनी जादा दहा-दहा टाकले, पॉट पन्नासने वाढला. त्या पन्नासातला तुमचा वाटा पस्तीस टक्क्यांनी साडेसतरा होतो. टाकले दहा, आले साडेसतरा. फ्लश लागण्याआधीच, नुसत्या रेजने, सरासरी साडेसात पॉइंट तुमच्या बाजूला आले.

हिशेब थोडा खाली ओढायला हवा, कारण फ्लश लागूनही कधी कधी बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पानांत, जोडी पडते आणि कुणाचं फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) होतं. तरीही चौघं भरत असताना फायदा स्पष्ट उरतो. तिघं भरत असतील तरी उरतो, कारण तेव्हा तुमचा खर्च चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, आणि संधी ३५. समोर दोघंच असतील तर खर्च ३३ टक्क्यांवर जातो आणि संधी ३५ वरच राहते. मधला फरक फुल हाउसची भीती खाऊन टाकते, तिथे नुसता कॉल पुरे. एकटाच माणूस समोर असेल तर अर्धा खर्च तुमचा आणि संधी जेमतेम एकतृतीयांश, तो सौदा तोट्याचा. दोन्ही टोकांनी उघडी स्ट्रेट, म्हणजे तुमच्या दुसऱ्या हातासारखी, आठ पानांवर लागते आणि फ्लॉपवरून तिची संधी साधारण ३१ टक्के असते. तिच्यावर रेज करायला समोर निदान तिघं भरणारे हवेत.

टेबलावर बसून एवढा हिशेब करायचा नसेल तर तुम्हाला उपयोगी पडणाऱ्या पानांची संख्या मोजा. फ्लॉपवर तिला चाराने गुणा, टर्नवर दोनाने. नऊ चोक छत्तीस, खरा आकडा पस्तीस. आठ चोक बत्तीस, खरा आकडा साडेएकतीस. आपल्या कामाला एवढं अचूक पुरतं. नेमक्या मधल्या एकाच पानाने पूर्ण होणारी स्ट्रेट, जिला गटशॉट म्हणतात, ती चार पानांवर असते आणि चार चोक सोळा. तिच्यावर रेज करू नका.

आता मेव्हण्यांचं 'समोरचे पॅक होतात' पाहू. ते जे व्हिडिओ बघतात ते बहुधा नो-लिमिटचे असणार. तिथे पॉट शंभरचा असताना तुम्ही दोनशे पुढे सरकवू शकता, समोरच्याचा घसा कोरडा पडतो आणि तो एक जोडीसुद्धा टाकून देतो. लिमिटमध्ये तुमचं रेज ठरलेलं, दहाच. तुमच्या पहिल्या हातात रेज केलं असतं तर पॉट कितीचा झाला असता बघा. आधीचे पन्नास, पहिल्याची बेट दहा, तीन कॉलचे तीस, तुमचे वीस. एकशे दहा. ज्याने बेट केली होती त्याला आणखी दहा टाकून एकशे दहासाठी लढायचं आहे, अकराला एक. त्या भावात गटशॉटवाल्यालाही पुढचं पान बघायला परवडतं, कारण त्याला ते पान लागण्याचा भाव पावणेअकराला एकच्या आसपास आहे. हातात राजा असलेला माणूस कशाला पॅक होईल? तो होणार नाही, आणि तुम्हाला ते हवंच आहे. मेव्हण्यांनी सांगितलेली कृती पहिल्या हातात योग्य होती, पण तिच्यामागे त्यांनी जी आशा लावली ती चुकीची. आशा चुकीची असल्यामुळेच ती कृती दुसऱ्या हातात तुमच्यावर उलटली.

दुसऱ्या हाताकडे वळण्याआधी पहिल्या हातातल्या रेजचा आणखी एक लाभ सांगते. टर्नपासून बेट दुप्पट होते. फ्लॉपवर तुम्ही शेवटच्या जागेवरून रेज केलंत की पुढच्या फेरीत लोक सहसा तुमच्याकडे बघून चेक करतात, म्हणजे बेट न करता पाळी पुढे देतात, "याने रेज केलं होतं, आता हाच बोलू दे." टर्नला बदाम आलं तर तुम्ही बेट करा. इस्पिकची अठ्ठी आली तर तुम्हीही चेक करा आणि रिव्हरचं पान फुकटात बघा. फ्लॉपवर जादा दहा टाकून टर्नचे वीस वाचवले.

पण हा लाभ किती मोठा, याबद्दल टेबलावर फार वाढवून बोललं जातं. टर्नला ४६ पानं उरतात, नऊ बदामांची संधी १९.६ टक्के. समोर अजून चौघं असतील आणि ते सगळे वीस-वीस टाकणार असतील, तर तुमचे वीस टाकून तुम्हाला सरासरी साडेएकोणीस परत येतात. तिथे फुकटच्या पानाने जवळजवळ काहीच वाचत नाही. तुमच्या हातात टर्नला समोर तिघं उरले होते. वीस टाकून पंधरा-सोळा परत, म्हणजे चारेक पॉइंटांची झीज, तीही बदाम टर्नला न आलेल्या वेळीच. समोर दोघंच उरले असते तर झीज आठाच्या वर गेली असती. फुकटचं पान गर्दी पांगल्यावर जास्त उपयोगी पडतं, आणि रेजचा मूळ फायदा गर्दी असताना. त्या हातात दोन्ही मिळून तुम्ही एका छोट्या बेटच्या आसपास सोडून दिलंत. जो हात जिंकला त्यात हे दिसणार नाही. उलट फुकटचं पान घेतलं असतं तर त्या एका हातात टर्नचे कॉल न मिळाल्याने पॉट थोडा लहानच राहिला असता. मेव्हण्यांचं 'कमी जिंकलास' त्या एका हाताला लागू नाही. न लागलेल्या पासष्ट हातांसकट सगळा हिशेब मांडला तरच ते खरं ठरतं.

एक गोष्ट लक्षात घ्या, टर्नला बेट आली म्हणून तुम्ही कॉल केलात ते बरोबरच होतं. पॉटमध्ये तोवर एवढे पॉइंट जमले होते की एक्क्याच्या फ्लशचा ड्रॉ टाकून देणं चूक ठरलं असतं. टर्नला नको ते रेज. एक पान उरलं असताना नऊ पानांच्या ड्रॉवर फायद्याने रेज करायला समोर पाच जण हवेत, आणि सात जणांच्या टेबलावर टर्नपर्यंत तेवढे फारसे टिकत नाहीत. काकांचा नियम टर्नला जवळजवळ जसाच्या तसा पाळा. अपवाद मोठ्या ड्रॉचा. फ्लश आणि दोन्ही टोकांची उघडी स्ट्रेट एकत्र असेल तर पंधरा पानं उपयोगी असतात, फ्लॉपवर संधी ५४ टक्के, टर्नवर साडेबत्तीस. असा ड्रॉ फ्लॉपवर कुणाहीसमोर, कुठल्याही जागेवरून रेज करा, एकटा माणूस असला तरी, कारण पुढे तुम्हीच आहात. टर्नवर मात्र समोर तिघं असतील तरच.

आता दुसरा हात. इथे मला जागेबद्दल बोलायचं आहे, आणि ड्रॉच्या खेळात मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आपली पानं सगळे बघतात. बेट कुठून आली हे फार थोडे बघतात.

पत्ते डावीकडे फिरतात. तुमच्या लगेच डावीकडच्याने बेट केली तर तुमची पाळी येईपर्यंत बाकी सगळे बोलून झालेले असतात. त्यांनी एक-एक बेट टाकलेली आहे, आणि एकदा टाकली की आणखी एक टाकायला माणूस सहसा मागे हटत नाही. तिथून केलेलं रेज सगळ्यांकडून वसूल होतं. तुमचा पहिला हात नेमका असा होता. याउलट तुमच्या लगेच उजवीकडच्याने बेट केली आणि तुम्ही रेज केलंत, तर तुमच्यामागे बसलेल्यांनी अजून एकही चिप टाकलेली नसताना त्यांच्यासमोर एकदम वीस येतात. गुलामाची जोडी, छोटा बदाम ड्रॉ, नुसता एक्का, जे जे तुम्हाला चिप्स देऊन गेले असते ते सगळे पॅक. काका उजवीकडे होते, मागे तिघं होते, तिघेही गेले. उरले कोण? ज्यांच्याकडे खरोखर हात होता ते काका. आता तुम्ही प्रत्येक दहा टाकून त्या वीसातले जेमतेम सहा परत घेत होतात, आणि काकांनी वर रेज करून तुमच्याकडून तसे आणखी दहा काढले.

नुसता कॉल केला असतात तर मागच्या तिघांपैकी दोघं तरी सत्तर-पंचाहत्तरच्या पॉटसाठी दहा टाकून आले असते. स्ट्रेट लागली असती तर तिघांकडून वसुली, नाही लागली तर फ्लॉपवर दहाच गेले असते.

त्या फ्लॉपवर आणखी एक अडचण होती. तुम्हाला राजा किंवा अठ्ठी हवी होती, म्हणजे आठ पानं. पण फ्लॉपवर दोन बदाम पडले होते. बदामाचा राजा किंवा बदामाची अठ्ठी येऊन तुमची स्ट्रेट लागते तेव्हाच दुसऱ्या कुणाचा फ्लशही पूर्ण होऊ शकतो. गर्दी असताना ती दोन पानं पूर्ण तुमची धरू नका, सहा-सातच धरा. आणि वेगवेगळ्या रंगांची गुलाम-दश्शी बिग ब्लाइंडच्या लगेच पुढच्या जागेवरून, सहा जण मागे असताना, फ्लॉपच्या आधीच टाकून दिलेली बरी. तीच पानं एका रंगाची असती आणि तुम्ही शेवटच्या जागेवर असता तर मी म्हटलं असतं, अवश्य या.

उजवीकडून बेट आली म्हणून रेज कधीच नाही, असंही नाही. बदामाची एक्का-राणी हातात आहे, फ्लॉपवर बदाम गुलाम, बदाम छक्की, इस्पिक तिर्री, आणि उजवीकडच्याने बेट केली. त्याच्याकडे गुलामाची जोडी असेल तर तुम्हाला नऊ बदाम तर हवेच, शिवाय नुसता एक्का किंवा राणी आली तरी तुम्ही पुढे जाता. मागे कुणाकडे एक्का-सत्ती किंवा राजा-राणी असेल तर तुमची जोडी लागूनही त्यांच्यामुळे घात होऊ शकतो. ते पॅक झालेले तुम्हाला हवेत. इथे उजवीकडून आलेल्या बेटवर रेज योग्य. बदामाच्या अठ्ठी-सत्तीवर हे करू नका. तिच्यात जोडीचा आधार नाही आणि दुसऱ्याकडे मोठं बदाम असेल तर फ्लश लागूनही तुम्ही हरणार. बोर्डवर फ्लॉपलाच जोडी असेल तर एक्क्याच्या ड्रॉवरसुद्धा मी रेज करत नाही.

सुरुवातीच्या जागेवर, ब्लाइंडमध्ये, चांगला ड्रॉ लागला तर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच विचाराल. तेव्हा बेट कुणाकडून येईल याचा अंदाज बांधा. फ्लॉपच्या आधी तुमच्या लगेच डावीकडच्याने रेज केलं असेल तर चेक करा. तो बेट करेल, बाकीचे कॉल करत येतील आणि पाळी तुमच्याकडे परत आली की रेज करा. बेट शेवटच्या जागेवरून येणार असं दिसत असेल तर ही युक्ती उलटी पडते, मधल्या सगळ्यांसमोर एकदम दोन बेट येतात आणि ते पॅक होतात. तिथे वाट न बघता स्वतःच बेट करा.

रेज केल्यावर कुणी वर रेज केलं तर घाबरून काही बदलू नका. फुकटचं पान गेलं, एवढंच झालं. माणसं मोजा. चौघं अजून आत असतील आणि ड्रॉ एक्क्याचा असेल तर तुम्हीही आणखी एकदा रेज करू शकता, भिशीचा हिशेब तोच आहे. एक-दोनच उरले तर कॉल करा आणि पुढचं पान बघा.

२०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन खेळाडूंच्या लिमिट होल्डेमचं उत्तर संगणकाने जवळजवळ पूर्ण काढलं, तो प्रोग्राम सेफियस या नावाने ओळखला जातो. पण ते दोघांच्या खेळाचं उत्तर आहे, समोरचा कधीही न चुकणारा धरून काढलेलं. सात जणांच्या, पॅक व्हायला नाखूश असलेल्या टेबलाचं उत्तर त्यात नाही. ते तुम्हाला दर शनिवारी माणसं बघूनच काढावं लागेल. कोण एका बेटला येतो पण दोनला बिचकतो, कोण एकदा आत आला की रिव्हरपर्यंत उठत नाही, हे लक्षात ठेवा. रात्रीची वेळही बघा. शेवटची कल्याण लोकल पकडायची म्हणून लोक घड्याळ बघायला लागतात, चिप्स वर-खाली करायच्या असतात, तेव्हा जो तो प्रत्येक फ्लॉपला चिकटतो. पहिल्या तासात ज्या ड्रॉवर तुम्ही कॉल केला असता त्यावर त्या वेळी समोर चौघं-पाच जण असतात. तेव्हा रेज करा.

राहिला हसण्याचा प्रश्न. ड्रॉवर रेज केलं आणि काही लागलं नाही की उघडी पडलेली पानं बघून लोक हसतात, आणि त्यातून माणूस पुढच्या वेळी बरोबर रेजसुद्धा करायचं टाळतो. मला याची खरी काळजी वाटते, कारण लिमिटच्या खेळात बरेचसे खेळाडू गणितापायी नाही, या लाजेपायी मागे पडतात. घरी एक काम करा. बदामाचा एक्का-नव्वी आणि त्या फ्लॉपची तीन पानं बाजूला मांडा. उरलेली ४७ पानं पिसा, वरची दोन उघडा, बदाम आलं की नाही ते वहीत टिपा, पुन्हा सगळी मिसळून पिसा. सलग सात-आठ वेळा बदाम येणार नाही असंही होईल, आणि लागोपाठ तीनदा येईल असंही. शंभरेक वेळा करून झालं की पस्तीस-पासष्ट म्हणजे काय ते बोटांना कळेल. मग टेबलावर कुणी हसलं तरी तुम्हाला माहीत असेल की हा पासष्टातला एक होता. ही वही काकांनाही दाखवा. त्यांना खेळ कळतो, एक्का-राणीवर त्यांनी वर रेज केलं ते अगदी बरोबर केलं.

आणि नालेचं. नको, दादा. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. जागामालकाच्या नफ्यासाठी जिथे जुगाराची साधनं ठेवली किंवा वापरली जातात, त्या जागेला तो कायदा जुगाराचा अड्डा मानतो, आणि जुगारासाठी तिथे नुसतं हजर असणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. प्रत्येक पॉटमधून नाल घेतली की काकांचं राहतं घर त्या व्याख्येत जायची भीती आहे. ऑनलाइन हलवू म्हणाल तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच घातली आहे. शिवाय नाल पॉटमधून जाते, म्हणजे ड्रॉवर जो साडेसात पॉइंटांचा फायदा आपण इतका मोजून काढला, त्यातलाच तुकडा दर वेळी तोडला जाईल. काकांना घराचा त्रास होतो असं वाटत असेल तर चहा-नाश्त्याचा खर्च सात जणांत वाटून घ्या, आणि महिनाअखेरच्या जेवणाची पैज आहे तशीच ठेवा.